न सडणारी होडी कशाने सडते?

अमेरिकेच्या उत्तर सीमेवरच्या मिनेसोटा राज्यात दहा एकरांहून मोठी अशी ११,८४२ तळी आहेत. उन्हाळाभर घरोघरच्या होड्या त्यांवर मासेमारीला फिरतात आणि डिसेंबर लागेपर्यंत बहुतेक तळ्यांवर बर्फ धरतो. हा बर्फ एप्रिलच्या आसपास सुटतो. वॉलाय या तिथल्या लाडक्या माशाचा हंगाम मे महिन्याच्या मध्यावर उघडतो. मधले चार-पाच महिने होडी ट्रेलरवर बसून राहते. ज्याच्याकडे फायबरग्लासची जुनी होडी आहे आणि ती मावेल एवढे गॅरेज आहे, त्याच्यासाठी हेच दिवस कामाचे. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत होडीची दुरुस्ती, हा त्या मुलखातला हिवाळ्याचा नेहमीचा उद्योग आहे.

फायबरच्या होडीबद्दल सगळीकडे एक पक्का समज असतो: ती सडत नाही, गंजत नाही, तिला कीड लागत नाही. समज खरा आहे. तरीही १९७० च्या सुमारास बनलेल्या होडीच्या डेकवर पाय ठेवला की तो जागोजागी दबतो, आणि मागचे इंजिन हाताने हलवले की मागची अख्खी भिंत सोबत हलते. बाहेरून मात्र रंग उडालेला दिसतो, एवढेच. म्हणून पुष्कळ जण पॉलिश पेपर आणि रंगाचा डबा घेऊन बसतात, आणि एक-दोन हंगामांत होडी पुन्हा होती तशी होते. न सडणाऱ्या कवचात सडणारे लाकूड कोंडलेले असते. ते शोधायचे, बदलायचे आणि पाण्याची वाट बुजवायची, हे खरे काम. रंग त्यानंतर.

काचेच्या धाग्यांची होडी

काचेचा बारीक धागा मोठ्या प्रमाणावर काढण्याचे तंत्र १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या ओवेन्स-इलिनॉय कंपनीत गेम्स स्लेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवले. त्यातून १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी उभी राहिली. त्याच दशकात कार्लटन एलिस या रसायनतज्ज्ञाच्या कामातून घट्ट होणारे पॉलिएस्टर रेझिन हाती आले. दुसऱ्या महायुद्धात काचेचा धागा आणि हे रेझिन यांच्या जोडीतून विमानांच्या रडारवरची झाकणे बनली, कारण रडारच्या लहरी त्यांतून आरपार जातात. ओहायोतल्या टोलेडो गावच्या रे ग्रीन यांनी १९४० च्या दशकातच या साहित्याच्या होड्या पाण्यात उतरवल्या. १९५० च्या दशकात मिनेसोटातल्या लिटल फॉल्स गावची लार्सन ही लाकडी होड्यांची जुनी कंपनीही फायबरकडे वळली. १९५८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात डिक फिशर यांनी रे हंट यांच्या मदतीने १३ फुटी बोस्टन व्हेलर बाजारात आणली. दोन कवचांच्या मध्ये फोम भरलेली ही होडी करवतीने मधोमध कापली तरी तरंगते, हे दाखवणारी छायाचित्रे १९६१ मध्ये 'लाइफ' मासिकात आली आणि फायबरवरचा लोकांचा विश्वास दुणावला.

अशी होडी साच्यात उलट क्रमाने बनते. गुळगुळीत साच्याला मेण लावून आधी रंगीत जेलकोट मारतात. त्याचा थर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्यावर काचेच्या तुटक धाग्यांची मॅट आणि विणलेले जाड कापड रेझिनमध्ये भिजवून, रोलरने हवा काढत थरावर थर चढवतात. हे कवच मजबूत असते, पण पातळ आणि रुंद असल्यामुळे लवते. त्याला ताठपणा यावा म्हणून तळाशी लांबीच्या दिशेने लाकडी वासे बसवतात. यांना स्ट्रिंगर म्हणतात. मागची उभी भिंत म्हणजे ट्रान्सम. तिला इंजिनाचे वजनही पेलायचे असते आणि रेटाही सोसायचा असतो, म्हणून फायबरच्या दोन थरांमध्ये जाड प्लायवुड घालतात. डेकही प्लायवुडचेच, वरून फायबरचा एक पातळ हात. त्या काळातल्या कारखानदारांना लाकूड सोयीचे वाटले ते उगाच नाही. ते हलके, स्वस्त, ताठ आणि स्क्रू घट्ट धरणारे असते. फायबरमध्ये गुंडाळले की त्याला पाणी लागणारच नाही, असा हिशेब होता.

पाणी आत कसे शिरते

हिशेब चुकला तो भोकांपाशी. इंजिनाचे बोल्ट, पाणी काढण्याच्या बुचाची नळी, मासे शोधणाऱ्या यंत्राचा सेन्सर, दोरी बांधायच्या खुंट्या, खुर्च्यांचे पाय असे सगळे काही कवचाला भोक पाडून बसवलेले असते. प्रत्येक भोकाच्या आतल्या कडेला प्लायवुडची उघडी कड असते आणि तिच्यात आणि पाण्यात फक्त सीलंटची एक रेघ. इंजिनाच्या थरथरीने आणि उन्हाने ती रेघ काही वर्षांत सुटते. थेंब थेंब पाणी लाकडात उतरते आणि रेषांच्या दिशेने दूरवर झिरपत जाते. डेकवरची खुर्ची जिथे आहे तिथे वरून काही दिसत नाही, पण खालचा वासा चार फूट पुढेपर्यंत ओला झालेला असतो.

लाकूड सडवणारी बुरशी सुमारे २० टक्क्यांहून कमी ओलाव्यात वाढू शकत नाही. ३० टक्क्यांच्या आसपास ओलावा, थोडीशी हवा आणि ऊब मिळाली की ती भराभर पसरते. पूर्ण पाण्यात बुडलेले लाकूड हवेअभावी शतकानुशतके टिकते, उघड्यावरचे लाकूड वाळून जाते. फायबरमध्ये कोंडलेले ओले लाकूड यांच्या बरोबर मध्ये अडकते. त्याला हवा मिळते, पण वाळायला वाट मिळत नाही. पाणी बाहेर ठेवण्यासाठी घातलेले कवच आता तेच पाणी आत धरून ठेवते. मिनेसोटातली तळी गोड्या पाण्याची आहेत, हीही एक भर. खाऱ्या पाण्यातले मीठ बुरशीला रोखते, गोडे पाणी रोखत नाही.

मग येतो हिवाळा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. थरांच्या फटीत अडकलेले पाणी दर हिवाळ्यात ती फट थोडी आणखी रुंद करते आणि वसंतात तिथे जास्त पाणी शिरते. डेकखाली तरंगण्यासाठी भरलेल्या फोमचेही असेच होते. त्याच्या पेशी बंद असल्या तरी वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी आणि गोठण्या-वितळण्याने त्या फुटतात, आणि फोम पाणी पिऊ लागतो. एक घनफूट पाण्याचे वजन सुमारे २८ किलो. असे सात-आठ घनफूट पाणी डेकखाली साठले तर होडीत तीन माणसे कायमची बसवल्यासारखे होते. इंजिन तेच असूनही होडी पूर्वीसारखी पाण्यावर उचलली जात नाही, तेव्हा संशय आधी फोमवर घ्यावा.

वर्षभर पाण्यात उभ्या राहणाऱ्या होड्यांना आणखी एक दुखणे जडते. जेलकोटमधून पाण्याचे रेणू हळूहळू आत जातात, रेझिनमधले विरघळणारे अंश त्यात उतरतात आणि शाळेत शिकलेल्या परासरणाने तिथे दाब वाढून फोड उठतात. फोड फोडला की आंबूस वासाचा द्रव येतो. ट्रेलरवर राहणाऱ्या होडीला मात्र हा त्रास फारसा होत नाही.

पारख

पहिली तपासणी कानाने होते. बाजारात मडके घेताना टिचकी मारून पाहतात, तशी इथे लहान हातोडीच्या दांड्याने सगळी होडी वाजवून पाहायची. घट्ट जागी टणक आवाज येतो. थर सुटले असतील किंवा आतले लाकूड मऊ झाले असेल तिथे आवाज बसका होतो. अशा जागांना खडूने घेर काढत गेले की अर्ध्या तासात होडीवर दुखण्याचा नकाशा उमटतो.

दुसरी तपासणी ड्रिलने. ट्रान्समच्या आतल्या बाजूने, खालच्या भागात, पाच-सहा मिलिमीटरचे भोक पाडायचे आणि बाहेरचा थर लागण्याआधी थांबायचे. मग भुसा हातावर घ्यायचा. फिकट, कोरडा, बोटांनी चोळला तर भुरभुरणारा आणि ताज्या लाकडाचा वास असणारा भुसा आला तर फळी चांगली आहे. गडद तपकिरी, ओलसर, ड्रिलच्या पात्याला गोळा होऊन चिकटणारा आणि कुबट वासाचा आला तर ती गेली. कधी कधी भुशाआधी पाण्याचीच धार लागते. वर कोरडे आणि खाली ओले असणे नेहमीचे, म्हणून एका भोकावर निकाल देऊ नये. पाहणी झाली की भोके रेझिनने बुजवायची.

वय कळायला अमेरिकी होडीवर एक सोय आहे. १ नोव्हेंबर १९७२ पासून तिथे प्रत्येक होडीच्या ट्रान्समवर, उजव्या अंगाला, १२ अक्षरांचा ओळख क्रमांक असावा लागतो. पहिली तीन अक्षरे कारखान्याची, शेवटचे अंक वर्षाचे. हा क्रमांक नसलेली होडी बहुधा त्याआधीची. जुनी होडी घेणाऱ्याने रंग पाहण्याआधी हा क्रमांक, मग ट्रान्सम, मग डेक आणि सर्वांत शेवटी इंजिन पाहावे. इंजिन बदलता येते. ट्रान्समचे काम मात्र अख्खा मोसम खाते.

हिवाळा काय देतो, काय घेतो

भिजलेले कवच वाळवल्याशिवाय त्यावर काहीही चिकटवू नये. आणि वाळवण्यासाठी कडाक्याच्या थंडीसारखा दुसरा मोसम नाही. थंड हवेत बाष्प मावतच नाही. उणे १५ अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त दीड ग्रॅम बाष्प असते. तीच हवा गॅरेजमध्ये घेऊन २० अंशांपर्यंत तापवली, तर तिची धरण्याची क्षमता सतरा ग्रॅमच्या पुढे जाते. म्हणजे आर्द्रता दहा टक्क्यांच्या खाली येते. अशी तहानलेली हवा पंख्याने उघड्या कवचावरून आठवडे फिरवली की ती आतला ओलावा ओढून घेते.

मात्र ऊब कशाने देता यालाही महत्त्व आहे. उघड्या ज्योतीचा प्रोपेन हीटर एक किलो गॅस जाळताना सुमारे दीड किलो पाण्याची वाफ खोलीत सोडतो. कोरडेपणा जातो, शिवाय रेझिनच्या वाफांजवळ ज्योत असणे जिवावर बेतू शकते. म्हणून जाणते लोक तेल भरलेला विजेचा रेडिएटर वापरतात आणि होडीभोवती प्लॅस्टिकचा तंबू बांधून तेवढीच जागा गरम ठेवतात. हवा गरम झाली म्हणजे होडी गरम झाली असे नसते. जाड कवचाला खोलीच्या तापमानाला यायला एक रात्र लागते, आणि रेझिन लागते ते कवचाला.

आधी आधार, मग करवत

वासे आणि डेक काढल्यावर उरते ते लवचिक टरफल. ते ट्रेलरच्या दोन फळ्यांवर टेकलेले असेल तर स्वतःच्या वजनानेच वाकते, आणि त्या अवस्थेत नवे वासे चिकटवले की तो वाक कायमचा होतो. तळाला आलेल्या अशा पोकामुळे होडी वेगात नाक खुपसते किंवा एका बाजूला ओढते. म्हणून कापण्याआधी तळाच्या आकाराचे लाकडी आधार जागोजागी लावायचे, नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, ट्रान्समपर्यंत दोरी ताणून मापे घ्यायची, वाशांची उंची लिहून ठेवायची, जुन्या तुकड्यांवर क्रमांक घालायचे. वासा एका वेळी एकच बदलायचा. उरलेले तोवर कवचाला आकारात धरून ठेवतात.

दोन रेझिन, दोन स्वभाव

दुरुस्तीला दोन प्रकारची रेझिन चालतात आणि दोघांचे वागणे अगदी वेगळे आहे. पॉलिएस्टर रेझिन स्टायरीनमध्ये विरघळलेले असते. त्यात एक-दोन टक्के हार्डनर, म्हणजे मिथाइल इथाइल किटोन पेरॉक्साइड, घातले की साखळ्या जुळू लागतात. हा हार्डनर फक्त सुरुवात करून देतो. त्यामुळे थंडीत किंचित जास्त आणि उकाड्यात किंचित कमी, एवढी मुभा त्या मर्यादेत असते. इपॉक्सीचे तसे नाही. तिथे हार्डनर हा बांधकामाचाच अर्धा भाग आहे, रेझिनच्या रेणूंना जोडणारा सांधाच तो. लवकर वाळावे म्हणून जास्त ओतला तर जोडायला समोर कोणी नसलेले हार्डनरचे रेणू तसेच उरतात आणि थर कायमचा मऊ राहतो. इपॉक्सीत वजनकाट्याने मोजायचे आणि डब्यावरच्या प्रमाणापासून हटायचे नाही.

जुन्या कवचावर कोणते वापरावे? साच्यात थरावर ओला थर चढतो तेव्हा दोन्ही मिळून एकच रेणूजाळे होते. पन्नास वर्षांपूर्वी घट्ट झालेल्या पॉलिएस्टरला जुळायला हात उरलेले नसतात. नवा थर त्यावर केवळ चिकटून राहतो. चिकटण्यात इपॉक्सी कितीतरी सरस, म्हणून ट्रान्सम, वासे, फुटलेला तळ अशा जोखमीच्या जागी तीच घ्यावी. तिच्याबरोबर शिवलेले कापड वापरावे. मॅटच्या तुटक धाग्यांना धरून ठेवणारा डिंक बहुधा स्टायरीनमध्येच विरघळतो, इपॉक्सीत नाही.

दोन्ही रेझिन घट्ट होताना उष्णता सोडतात. तापमान दहा अंशांनी वाढले की वेग जवळपास दुप्पट होतो. अर्धा लिटर मिश्रण उभट डब्यात राहिले तर आतली उष्णता बाहेर पडत नाही, ती वेग वाढवते, वेग आणखी उष्णता देतो आणि काही मिनिटांत डबा धुमसू लागतो. तेच मिश्रण पसरट ट्रेमध्ये ओतले तर शांत राहते. उलट पंधरा अंशांच्या खाली पॉलिएस्टर रेंगाळते आणि नीट कडक होत नाही.

ट्रान्समची नवी फळी

पंधरा-सोळा फुटी होडीचा ट्रान्सम बहुधा आतून उघडतात. बाहेरचा थर शाबूत ठेवला की होडीचा आकार आणि चेहरा दोन्ही टिकतात. आतला थर कडेने दोन-तीन इंच सोडून कापायचा. सडलेले प्लायवुड हाताने ओढले तरी थर थर निघते. कोपऱ्यांतले मात्र छिन्नीने खरवडावे लागते, आणि तेच कोपरे आळसाने सोडले तर बुरशी नव्या लाकडात जायला तिथे तयार बसलेली असते.

बाहेरचा थर आतून स्वच्छ झाला की ग्राइंडरने खरबरीत करायचा. नवी फळी दोन १८ मिलिमीटर मरीन प्लायची. या प्लायमध्ये आत पोकळ्या नसतात आणि गोंद पाण्याला दाद देत नाही. आपल्याकडच्या आयएस ७१० मानकाची प्लाय ७२ तास उकळली तरी थर सुटता कामा नयेत, अशी अट असते. पण गोंद टिकला म्हणजे लाकूड सडणार नाही असे नाही. म्हणून बसवण्याआधी सगळ्या बाजू, विशेषतः कडा, पातळ इपॉक्सीने भिजवायच्या. कड रेझिन पीत जाते, पाच मिनिटांत कोरडी दिसते, पुन्हा लावायचे, ती चमकत राहीपर्यंत. हे काम खोली थंड होत असताना करावे. तापमान उतरताना लाकडातली हवा आकसते आणि रेझिन आत ओढले जाते. तापमान चढत असेल तर तीच हवा फुगून रेझिनमध्ये बुडबुडे सोडते.

चिकटवण्यासाठी इपॉक्सीत सिलिकाची पूड कालवून ती उभ्या भिंतीवरून ओघळणार नाही इतकी घट्ट करायची, आणि दात्यांच्या पट्टीने दोन्ही अंगांना पसरायची. मग फळी लावून क्लँप आवळायचे, पण बेताने. चारी बाजूंनी पेस्टची बारीक कड बाहेर आली की थांबायचे. आणखी आवळले तर सगळी पेस्ट पिळून निघते आणि सांधा कोरडा राहतो. ओलसर आहे तोवर फळी आणि तळ यांच्या कोपऱ्यात पेस्टची गोलाई भरायची. काचेचे कापड काटकोनात वळत नाही, ते उचलले जाते आणि खाली हवा अडकते. गोलाईवरून मात्र सरळ बसते. त्यावर कापडाच्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी आधीपेक्षा रुंद, म्हणजे ताण एका रेषेवर न थांबता पसरत जातो.

शेवटी बोल्टची भोके. इथेच सारे बिघडले होते, म्हणून इथे घाई नको. भोक लागते त्यापेक्षा मोठे पाडायचे, घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरायचे, कडक झाल्यावर मधोमध नेमक्या मापाचे भोक पाडायचे. आता बोल्टभोवती इपॉक्सीची भिंत आहे. उद्या सीलंट सुटले तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. खुर्ची, खुंटी, सेन्सर, सगळ्यांना हाच नियम.

फूट, फोम आणि रंग

तळाला भेग किंवा भोक असेल तर नुसते ठिगळ लावून भागत नाही. भोकाच्या कडेला १ ला १२ असा उतार घासायचा. कवच ५ मिलिमीटर जाड असेल तर उतार चहूबाजूंनी ६० मिलिमीटर रुंद. इटुकल्या भोकाभोवती एवढे चांगले कवच घासायला मन होत नाही. पण सांधा जितका रुंद तितका त्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरचा ताण कमी. तीव्र उतारावरचे ठिगळ लाटांच्या माराने सुटून येते.

घासण्याआधी मेण काढायचे, हा क्रम पुष्कळ जण उलटा करतात. होडीवर वर्षानुवर्षांचे मेण असते. आधी घासले तर ते ओरखड्यांमध्ये दाबले जाते आणि रंग पुढे सुटतो. विद्रावकाने पुसून झाल्यावर पृष्ठभागावर पाणी शिंपडावे. ते सलग पसरले तर मेण गेले. थेंब गोळा झाले तर पुन्हा पुसायचे.

फोम काढला असेल तर तो परत भरायलाच हवा. जागा मोकळी सोडणे सोपे आणि हलके वाटते, पण होडी भरली तर ती बुडेल. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून २० फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटी पाण्याने भरल्या तरी तरंगल्या पाहिजेत, असा नियम आहे. होडीत वापरतात तो दोन द्रवांचा पॉलियुरेथेन फोम घनमीटरला सुमारे ३२ किलो भरतो, म्हणजे एक घनमीटर फोम साडेनऊशे किलोंहून जास्त भार उचलून धरतो. तो थोडा थोडा ओतावा. बंद जागेत एकदम ओतला तर फुगताना डेकच उचलतो. आणि भरताना तळाला पाण्याला मागे वाहून जायला वाट ठेवावी. जुन्या होड्यांत बहुधा तीच नसते.

जेलकोट नुसता खडूसारखा निस्तेज झाला असेल तर रंगाची गरज नाही. क्रमाक्रमाने बारीक पेपर, मग पॉलिश, मग मेण, की तो बहुधा उजळतो. तो झिजून खालचे धागे दिसत असतील तरच रंग. पॉलियुरेथेन रंग दोघांनी मिळून लावला तर छान बसतो. एकाने रोलर फिरवायचा, दुसऱ्याने लगेच मागून ब्रशच्या टोकाने हलका हात द्यायचा.

नवे इंजिन घेताना होडीवरच्या पाटीवरची अश्वशक्तीची मर्यादा पाळावी, आणि वजनही पाहावे. आजची फोर-स्ट्रोक इंजिने त्याच ताकदीच्या जुन्या टू-स्ट्रोकपेक्षा बहुधा जड असतात, आणि जुन्या होडीचे मागचे टोक त्या वजनाच्या हिशेबाने बनलेले नसते.

अंगाची काळजी

काचेची धूळ कातडीला खाज आणते आणि छातीत जाते. स्टायरीनला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकले आहे. साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफांचे कार्ट्रिज असलेला मास्कच लागतो. पेरॉक्साइड हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून बाटली उघडण्याआधी चष्मा. बंद गॅरेजमध्ये ऊब टिकवायची म्हणून खिडकी लावून घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. गरम केलेली हवा वाया गेली तर वीज जाते, फुप्फुस जात नाही.

आपल्या किनाऱ्यावर

कोकणात होडी किनाऱ्यावर बसते ती पावसाळ्यात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या ओढून शाकारल्या जातात, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा दर्यावर जायची तयारी होते. लाकडी होडीवर झापांचे छप्पर घालायचे ते पावसासाठी. खाऱ्या पाण्यात वर्षभर राहिलेले लाकूड पावसाच्या गोड्या पाण्याने सडते, हे आपल्या दर्यावर्दींना पुस्तकाविना ठाऊक आहे. आता किनाऱ्यावरच्या लहान होड्यांत फायबरच्या होड्या पुष्कळ झाल्या, आणि फायबरला पावसाचे भय नाही असे समजून त्या उघड्या राहतात. पण ज्यांच्या ट्रान्सममध्ये किंवा डेकखाली लाकूड आहे, त्यांना हेच पाणी भोकांतून खाते. बूच काढून, नाळ उंच ठेवून, वर ताडपत्री घालणे एवढ्याने पुष्कळ बचाव होतो.

दुरुस्तीचे गणित मात्र इथे उलटे आहे. मिनेसोटात कोरडी हवा फुकट मिळते आणि ऊब विकत घ्यावी लागते. आपल्याकडे ऊब फुकट आहे आणि कोरडेपणा मिळत नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेत मॅट ओलावा धरते, रेझिन पांढुरके पडते आणि सांधा कच्चा राहतो. म्हणून बंदीच्या दिवसांत इंजिन, वायरिंग, कापाकापी उरकावी, आणि मॅट मारायचे काम बंद शेडमध्ये किंवा कोरड्या दिवसांत घ्यावे. एक धोकाही ध्यानात ठेवावा. आपल्याकडे कोबाल्टचा अ‍ॅक्सिलरेटर आणि हार्डनर पुष्कळदा वेगळे मिळतात. हे दोन्ही कधीही थेट एकत्र करू नयेत, भडका उडतो. आधी अ‍ॅक्सिलरेटर रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचा, मगच हार्डनर. स्टायरीनच्या वाफा ३१ अंशांच्या आसपास ठिणगीने पेट घेऊ शकतात, आणि कोकणात दुपारचे तापमान पुष्कळदा तेवढे असते. तिथे बिडी चालत नाही.

या कष्टांचे मोल ट्रेलरवरच्या एका होडीपुरते नाही. फायबरची होडी मोडीत निघत नाही. लाकूड कुजते, लोखंड वितळवता येते, पण घट्ट झालेले पॉलिएस्टर वितळत नाही. फ्रान्सने २०१९ पासून जुन्या होड्या उत्पादकांच्या खर्चाने मोडण्याची व्यवस्था उभी केली. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात होड्यांचा चुरा सिमेंटच्या भट्टीत देण्याचा प्रयोग झाला. तिथे रेझिन जळण बनते आणि काच सिमेंटमध्ये जाते. बाकी बहुतेक जगात या होड्या खाडीकाठी, झाडीत, शेतांच्या कडेला पडून राहतात. कोकणातल्या फायबर होड्याही आता वयात येत आहेत, आणि त्या टाकायच्या कुठे याचे उत्तर कोणत्याही बंदराजवळ नाही. दोन प्लायच्या तुकड्यांनी आणि काही किलो रेझिनने जे कवच आणखी पंचवीस-तीस वर्षे पाण्यावर राहू शकते, ते टाकून देण्याआधी एकदा उघडून पाहावे. आणि जे आज नवी होडी बांधत आहेत, त्यांनी बोल्टच्या प्रत्येक भोकाची कड रेझिनने बंद करावी. ते काम काही मिनिटांचे आहे. ते न केल्याची भरपाई करायला पुढच्या पिढीचा अख्खा मोसम जातो.